प्रसाधन निवडण्यापूर्वीचे पाच प्रश्न

"डॉक्टर, माझी स्किन ऑइली आहे, मला कोणते क्रीम चालेल?" हा प्रश्न ज्याच्या कानी पडत नाही असा वैद्य आज विरळाच. औषध दुकानाच्या काउंटरवर तर तो दिवसातून कितीतरी वेळा विचारला जातो. तेलकट, कोरडी, मिश्र आणि संवेदनशील हे त्वचेचे चार कप्पे जाहिरातींनी घरोघरी पाठ करून घेतले आहेत. रुग्ण आपले निदान स्वतः करूनच येतो. त्याला आपल्याकडून फक्त डब्याचे नाव हवे असते. आपणही कित्येकदा घाईत वात म्हणजे कोरडी, कफ म्हणजे तेलकट आणि पित्त म्हणजे संवेदनशील असे सोपे समीकरण मांडून मोकळे होतो. हे समीकरण सर्वस्वी चूक नाही, परंतु अपुरे आहे. आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत रुग्णाच्या चेहऱ्याला मोजावी लागते.

आम्ही शिरवळ येथे वैद्यकीय व्यवसाय करतो. नीरा नदीचा पूल ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात प्रवेश केला की लागणारे हे महामार्गावरील गाव. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे उसाची शेती, जवळच वीर धरणाचा जलाशय आणि गावात पशुवैद्यक महाविद्यालय. त्यामुळे एकाच सकाळी यंत्रावर काम करणारा कामगार, भांगलणीची कामे करणारी शेतमजूर स्त्री आणि वसतिगृहातील विद्यार्थिनी असे तिघेही त्वचेची तक्रार घेऊन आमच्यासमोर बसतात. तिघेही सांगतात, 'माझी त्वचा फार नाजूक झाली आहे.' शब्द एकच, परंतु कारणे तीन असतात. या अनुभवातून आमचे असे मत झाले आहे, की त्वचेचा प्रकार हा निवडीतील पहिला प्रश्न नव्हे. त्याच्या आधी एक आणि नंतर तीन प्रश्न विचारावे लागतात. ते पाच प्रश्न वैद्यबंधुभगिनी व औषधविक्रेते यांच्यापुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रश्न : आजवर काय लावले?

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीत पॅकिंग विभागात काम करणारी एक अविवाहित तरुणी आमच्याकडे आली. उन्हात गेले की चेहऱ्याची आग होते, साबणही सहन होत नाही, अशी तक्रार होती. गाल लालसर, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, हनुवटीभोवती पिटिका आणि कानशिलांवर नवी लव. अंगकाठी, केस, घाम आणि भूक यांवरून प्रकृती पित्तप्रधान वाटत होती. चंदन, उशीर, सारिवा यांचा लेप लिहिण्यासाठी आम्ही लेखणी उचललीही होती. सवयीने विचारले, "ताई, सध्या तोंडाला काय लावता?" तिने पर्समधून शेवटपर्यंत गुंडाळत आणलेली एक ट्यूब काढली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे तीन घटक तिच्यावर छापलेले होते. पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता म्हणून मैत्रिणीने सुचवले, दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाले आणि दीड वर्ष नित्य वापरले. पहिल्या पंधरा दिवसांत रंग उजळला. नंतर बंद केले की आग होई, म्हणून पुन्हा सुरू केले. "आता बंदच करता येत नाही," असे सांगताना तिचे डोळे भरून आले.

ही त्वचा पित्ताची नव्हती. ती स्टेरॉइडने घडवलेली होती. स्टेरॉइडमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात, म्हणून आरंभी चेहरा फिकट व नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, त्याच रक्तवाहिन्या कायमच्या विस्तारतात, मुरुमांसारखे पुरळ व लव वाढते आणि औषध थांबवताच दाह उसळतो. दाद असलेल्या जागी असे मलम लावल्यास खाज तेवढी थांबते, परंतु दाद पसरत जाते व तिचे रूपही ओळखू येईनासे होते.

ही तक्रार एका गावापुरती नाही. देशातील बारा केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतील १२६ जणांनी ते गोरेपणाचे किंवा नेहमीच्या वापराचे साधे क्रीम समजून लावले होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. पुढे मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइडांना बाह्यवापरासाठी परिशिष्ट 'एच' मधून दिलेली सूट काढून घेतली. तेव्हापासून ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य आहे. नियम झाला, ट्यूब मात्र अजूनही पर्समधून निघतात.

दुसरा धोका पारदाचा. जानेवारी २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींचे प्रकरण वृत्तपत्रांतून पुढे आले. तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता आणि तिघीही ब्यूटीशियनकडून घेतलेले एकच गोरेपणाचे क्रीम वापरीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता त्या क्रीममध्ये पारद आढळला. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण समोर आले. पारद त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून रंग उजळतो. परंतु तो त्वचेतून शोषला जाऊन वृक्कांपर्यंत पोहोचतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि पायांवर सूज येते. म्हणून गोरेपणाची क्रीमे वापरणाऱ्या रुग्णास 'लघवीला फेस येतो का?' एवढे विचारण्यास व एक साधी मूत्रतपासणी करून घेण्यास आपण विसरू नये.

येथे आपल्या व्यवसायासंबंधी एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तज्ज्ञांनी वृक्कविकाराच्या याच प्रकारातील रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी पारंपरिक औषधे घेतलेली आढळली व त्यांतील काही औषधांत पारद सापडला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे 'वनौषधींची' म्हणून मुलांच्या इसबावर वापरल्या जाणाऱ्या २४ मलमांची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २० मलमांत स्टेरॉइड निघाले. अशा डब्यांवर 'हर्बल' किंवा 'आयुर्वेदिक' हा शब्द असला, तर बदनामी आपल्या शास्त्राची होते. पारदाच्या दोषांची गणना करून त्याच्या शुद्धीसाठी अठरा संस्कार सांगणाऱ्या रसशास्त्राच्या अभ्यासकांना पारदाचे विषत्व दुसऱ्या कोणी शिकवण्याची वेळ येऊ नये.

सुश्रुताचार्यांनी भ्राजक पित्ताचे कार्य सांगताना अभ्यंग, परिषेक, अवगाह व लेप यांतील द्रव्यांचे पचन ते करते असे म्हटले आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. त्वचेवर लावलेले द्रव्य त्वचेवरच राहत नाही. 'वरून लावायचे आहे, त्याने काय होणार?' हे वाक्य निदान आपल्या तोंडी शोभत नाही.

दुसरा प्रश्न : प्रकृती कोणती आणि आजची अवस्था कोणती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळाल्यावरच प्रकृतीकडे वळावे. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृतिपरीक्षणाचे वर्णन आहे. वातल व्यक्तीचे अंग रूक्ष व फुटीर, पित्तल व्यक्तीची त्वचा सुकुमार परंतु तीळ, व्यंग व पिटिका यांना अनुकूल, आणि श्लेष्मल व्यक्तीची त्वचा स्निग्ध, मृदू व गुळगुळीत असते. हे जन्मजात लक्षण झाले. परंतु रुग्ण आपल्यासमोर येतो तो त्या दिवशीच्या विकृतीसह. कफप्रकृतीच्या मुलीची त्वचाही दिवसातून पाच वेळा फेसवॉश वापरल्याने रूक्ष होते. वातप्रकृतीच्या तरुणासही यौवनात मुखदूषिका होतात. म्हणून प्रकृतीवरून नित्याचे प्रसाधन ठरवावे आणि विकृतीवरून आजची चिकित्सा. या दोहोंची गल्लत करू नये.

वातप्रधान, रूक्ष त्वचेस स्नानापूर्वी तिळतेलाचा अभ्यंग, कोमट पाणी आणि स्नानानंतर अंग ओलसर असतानाच स्नेहाचा हलका हात पुरेसा होतो. बेसन, मुलतानी माती यांसारखी शोषक द्रव्ये अशा त्वचेला नित्य वापरू नयेत. फुटलेल्या टाचा व ओठ यांसाठी शतधौत घृत उत्तम, परंतु ते ताजे व स्वच्छ भांड्यातील असावे. महिनोन्महिने उघडे राहिलेले नको.

पित्तप्रधान त्वचेस चरकोक्त वर्ण्य महाकषायातील चंदन, पद्मक, उशीर, मधुक, मंजिष्ठा, सारिवा ही द्रव्ये अनुकूल. या रुग्णांनी लिंबाचा रस तोंडास चोळून उन्हात जाणे टाळावे. लिंबातील द्रव्ये व ऊन यांच्या संयोगाने त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात. बावचीच्या तेलाचाही हाच स्वभाव आहे. श्वित्रातील त्याचा उपयोग वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावा. व्यंग असणाऱ्या रुग्णास उन्हापासून रक्षण सांगितल्याविना कोणताही लेप देणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. टोपी, ओढणी, आणि ज्यांना परवडेल त्यांनी यशदाच्या ऑक्साइडचे साधे सनस्क्रीन वापरण्यास आमची हरकत नाही. उपयुक्त वस्तू कोणत्या शास्त्राकडून आली याने रुग्णाला फरक पडत नाही.

कफप्रधान, तेलकट त्वचेस लोध्र, त्रिफळा, खदिर, मसुराचे पीठ अशी कषाय व लेखन द्रव्ये मानवतात. येथे आमच्या व्यवसायातील एक सर्रास आढळणारी चूक सांगावीशी वाटते. कुंकुमादि तेल प्रसिद्ध आहे म्हणून ते मुरुमांनी भरलेल्या तेलकट चेहऱ्यासही दिले जाते. त्याचा मूळ आधार तिळतेलाचा आहे. रूक्ष व वांगग्रस्त त्वचेस ते भूषण ठरते, परंतु ज्या त्वचेची रोमकूपे आधीच बुजलेली आहेत तिला ते भार ठरते. सुश्रुताचार्यांनी मुखदूषिकेत कफ, वात व रक्त यांची दुष्टी सांगितली आहे आणि वचा, लोध्र, सैंधव, सर्षप अशा लेपद्रव्यांची योजना केली आहे, ती या दृष्टीने विचारात घ्यावी. परंतु वचा व सर्षप तीक्ष्ण आहेत. दाह असलेल्या गालावर ती जपूनच योजावीत.

तिसरा प्रश्न : रुग्ण दिवसभर कोठे असतो?

या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस आमच्याच चुकीने शिकवले. नीरेच्या कालव्याकाठचे एक प्रौढ शेतकरी चेहरा व मान यांवरील खाज घेऊन आले होते. "डाक्टर, लई आग व्हतीया, रात्री झोप न्हाई," एवढेच त्यांचे म्हणणे. त्वचा जाड, कोरडी व काळवंडलेली होती. आम्ही वातरक्तदुष्टी समजून पोटात औषध व वरून झेंडूच्या फुलांचा अर्क असलेले एक मलम दिले. झेंडू व्रणरोपक, त्याचा पाला जखमेवर चोळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. चार दिवसांनी मामा परत आले तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटले होते. तेव्हा कुठे आम्ही शेताची चौकशी केली. बांधावर, पाटाच्या कडेला, गोठ्यामागे सगळीकडे गाजरगवत होते आणि ते स्वतः हातांनी उपटीत होते.

गाजरगवताची भारतातील पहिली नोंद १९५५ साली पुण्यातील आहे. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. तेथून ते देशभर पसरले. त्यापासून होणाऱ्या त्वचाविकाराचे सविस्तर वर्णनही सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाले. आपल्या दारातूनच निघालेली ही व्याधी आपण चुकवावी हे शोभणारे नव्हते. गाजरगवत, झेंडू, शेवंती व सूर्यफूल ही सर्व एकाच कुळातील आहेत. एकाची ॲलर्जी असलेल्या रुग्णास दुसऱ्याचीही होऊ शकते. आम्ही औषध म्हणून दिले ते रोगाच्या कारणाचे भावंड होते.

तेव्हापासून आम्ही चेहऱ्याची तपासणी करताना तीन जागा मुद्दाम पाहतो : वरच्या पापण्या, कानांमागील घडी आणि हनुवटीखालची सावलीतील जागा. केवळ उन्हाने होणारा विकार या जागा बहुधा सोडतो; हवेतून उडणाऱ्या परागामुळे व धुळीमुळे होणारा विकार मात्र त्यांना सोडत नाही. पुढे दीर्घकाळानंतर दोन्ही प्रकार एकत्र आढळतात, हेही ध्यानात ठेवावे. अशा रुग्णास कोणते क्रीम द्यावे यापेक्षा कोणते काम टाळावे हे सांगणे अधिक मोलाचे. गवत फुलावर येण्याआधी दुसऱ्याकडून काढून घेणे, पूर्ण बाह्यांचे कपडे, शेतातून आल्याबरोबर स्नान व कपडे बदलणे, आणि देवघरातील झेंडू-शेवंतीचे हार ओवण्याचे काम घरातील दुसऱ्याकडे सोपवणे.

कामगारांचीही हीच कथा. यंत्रावरील कूलंटच्या तेलाने हातांवर व मांड्यांवर पुरळ उठतात. रबरी हातमोज्यांत घाम साचून बोटांच्या बेचक्या कुजतात. सिमेंटकाम करणाऱ्यांचे तळहात भेगाळतात. हात धुण्यासाठी वापरली जाणारी धुण्याची पावडर तर त्वचेचे उरलेसुरले तेलही नेते. अशा हातांना प्रकृती पाहून दिलेले उत्तम तेलही दुसऱ्या दिवशी कामावर हरते. ऊसतोडणीच्या हंगामात पाचटाच्या बारीक कुसांनी होणारी खाज ही 'रक्त बिघडल्याची' नसते, हेही आपण जाणून असावे.

चौथा प्रश्न : ऋतू कोणता आणि लावणार कसे?

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मुखलेपांचे दोषहर, विषहर व वर्ण्य असे तीन प्रकार सांगून पुढे सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे मुखलेप दिले आहेत. एकच डबा बारा महिने वापरण्याची कल्पना आपल्या परंपरेत नाही, हे यावरून सिद्ध होते. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या रुग्णांस पौषातील कोरड्या वाऱ्यात जे तेल मानवते, तेच वैशाखातील घामात पुळ्या आणते. ऋतुसंधीच्या वेळी प्रसाधन बदलण्याची आठवण दुकानदारानेही ग्राहकास करून द्यावी.

लावण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. सुश्रुताचार्यांनी लेप लोमांच्या विरुद्ध दिशेने लावावा, वाळल्यावर ठेवू नये व रात्री लावू नये असे सांगितले आहे. शार्ङ्गधराचार्यांनी लेपाच्या जाडीचीही प्रमाणे दिली आहेत. आज मात्र बाजारातील पाकिटांवर 'रात्रभर लावून ठेवा' आणि 'पूर्ण वाळू द्या' असे सर्रास छापलेले आढळते. वाळलेला लेप त्वचेतील ओलावा ओढतो आणि खरवडून काढताना त्वचेस इजा होते. लेप ओलसर असतानाच, पाण्याचा हात लावून, हळुवार उतरवावा. ज्यास प्रतिश्याय वा अजीर्ण आहे, ज्याने नस्य घेतले आहे किंवा जो रात्रभर जागलेला आहे त्यास मुखलेप वर्ज्य सांगितला आहे. रात्रपाळी करून आलेल्या कामगारास हा नियम थेट लागू होतो.

कोणतेही नवे प्रसाधन चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोन वेळा सात दिवस लावून पाहावे. खाज, लाली वा पुरळ न आल्यासच चेहऱ्यास लावावे. वनौषधींनाही हा नियम लागू आहे. चरकाचार्यांच्या कुष्ठघ्न गणात भल्लातक व करवीर आहेत. बिब्बा उतणे म्हणजे काय हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे विधान आयुर्वेदाचे नव्हे, जाहिरातीचे आहे.

पाचवा प्रश्न : डब्यावर काय लिहिले आहे?

हा प्रश्न विशेषतः आमच्या औषधविक्रेत्या मित्रांसाठी. डब्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्यांची यादी, उत्पादनाची तारीख व मुदत यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर तो डबा फळीवर ठेवू नये. पार्लरसाठी किलोने येणारी, बिनलेबलची, छोट्या डब्यांत भरून विकली जाणारी क्रीमे कितीही खपत असली तरी घेऊ नयेत. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये प्रसाधनात पारद मिसळण्यास मनाई आहे. अनवधानाने राहिलेला अंशही डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. पारदविषयक मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि त्या कराराच्या सदस्य देशांनी २०२३ च्या बैठकीत २०२५ पर्यंत पारदयुक्त प्रसाधने पूर्णतः बंद करण्याचे ठरवले. डब्यावर 'कॅलोमेल' वा 'मर्क्युरस क्लोराइड' असे शब्द असतील, अथवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांस लागू देऊ नये' अशी सूचना असेल, तर संशय घ्यावा. काही न छापता आठवड्यात गोरेपणाची हमी देणाऱ्या डब्याविषयी तर संशयाचेही कारण उरत नाही.

साबणाच्या बाबतीत वेष्टनावरील टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, पाहण्याची सवय ग्राहकास लावावी. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० व तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावा लागतो. 'बाथिंग बार' या नावाने विकल्या जाणाऱ्या वडीत तो ४० टक्केही चालतो. दोन्हींवर कडुनिंबाच्या पानाचे चित्र असू शकते. त्वचेच्या पृष्ठभागाचा स्वभाव किंचित आम्ल असतो, तर साबण क्षारीय असतो. म्हणून रूक्ष त्वचेच्या रुग्णास साबण काखा, जांघा व पाय यांपुरताच ठेवण्यास सांगितले तरी निम्मी तक्रार कमी होते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांविषयीही सावध असावे. मेंदीचा रंग मुळात काळा नसतो. तो काळा येतो तेव्हा बहुधा त्यात पीपीडी हे रासायनिक द्रव्य असते, आणि त्यापासून होणारा दाह कपाळ, कान व पापण्यांवर उतरतो.

काउंटरवरील नकार

आम्हांस पूर्ण कल्पना आहे, की गिऱ्हाईक परत पाठवणे सोपे नाही. आपण नाही म्हटले तर ते शेजारच्या दुकानात जाईल, हा युक्तिवादही आम्ही ऐकलेला आहे. वैद्यांच्या बाबतीतही हाच मोह आहे. चार दिवसांत गुण यावा म्हणून आपल्या पुडीसोबत एखादी स्टेरॉइडची ट्यूब देणारे आपल्यात कोणीच नाहीत, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? गुण लवकर येतो, कीर्तीही लवकर होते. मात्र दीड वर्षाने तो चेहरा दुसऱ्याच वैद्यासमोर जातो, आणि आपल्या उपचाराचा शेवट आपल्याला कधी दिसतच नाही.

म्हणून शिरवळ परिसरातील काही औषधविक्रेत्यांशी बोलून आम्ही एक साधी रीत सुरू केली आहे. चेहऱ्यासाठी स्टेरॉइडची ट्यूब मागणाऱ्यास चिठ्ठी विचारावी. नसल्यास 'आधी दाखवून घ्या' एवढेच सांगावे. उपदेश करू नये, लाज वाटेल असे बोलू नये. बिनलेबलचे क्रीम वापरून त्रास झालेल्याने तो डबा फेकून न देता तपासणीसाठी जपून ठेवावा, आणि वैद्याने अन्न व औषध प्रशासनास कळवावे. आयुर्वेदिक औषधाने त्रास झाल्याची शंका असल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडेही नोंद करावी. असा अहवाल पाठवणे हा आपल्या शास्त्राचा द्रोह नसून त्याचे रक्षण आहे.

त्या तरुणीची हकीकत पूर्ण करून थांबतो. आम्ही तिला त्याच दिवशी लेप दिला नाही. साताऱ्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांच्या सल्ल्याने ते मलम टप्प्याटप्प्याने सुटले. उन्हापासून रक्षण, थंड पाण्याच्या घड्या, साधे स्निग्ध मलम आणि आमच्याकडून पोटात सारिवा-मंजिष्ठादि योजना असे सुमारे आठ महिने चालले. मधले दोन महिने फार कठीण गेले. त्या काळात ती दर आठवड्यास केवळ धीर घेण्यासाठी येई. दाह गेला, पुरळ गेले. गालांवरील रक्तवाहिन्यांची जाळी मात्र पूर्ण गेली नाही, आणि ती जाईल असे खोटे आश्वासन आम्ही दिले नाही.

मागील वर्षी ती आपल्या धाकट्या बहिणीस घेऊन आली. बहिणीचे दहावीचे वर्ष होते आणि तिला मैत्रिणींसारखे उजळ दिसायचे होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच थोरलीने स्वतःच्या गालावर बोट ठेवून विचारले, "डॉक्टर, हिला काय लावायचं ते सांगा. पण आधी काय लावायचं नाही ते सांगा."

आमच्या पाच प्रश्नांचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते. आपल्या रुग्णालयात व दुकानात असे अनुभव आले असतील, तर सुज्ञ वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी ते या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.